विमा नसलेले सत्तेचाळीस दिवस

गाडीचा विमा संपलाय हे मला भर रस्त्यात, पोलिसाच्या तोंडून कळलं. डॅशबोर्डच्या खणातली फाईल मी त्याच्या हातात दिली होती. त्याने कागद वर-खाली वाचला, तारखेवर बोट टेकवलं आणि तो माझ्यासमोर धरला.

"बेन, आ तो क्यारनी पूरी थई गई छे."

मी मनातल्या मनात दिवस मोजले. सत्तेचाळीस. मागे रस्त्यावर साड्या पसरल्या होत्या. एक साडी पुढच्या चाकात गुंडाळली गेली होती आणि तिच्यावरचे खडे उन्हात चमकत होते. जिच्या कवेत ते साड्यांचं गाठोडं होतं ती बाई दुभाजकाला टेकून बसली होती. उजवा हात तिने डाव्या हाताने पोटाशी धरला होता, झोपलेलं मूल धरावं तसा. ती रडत नव्हती. माझ्याकडे बघत होती.

मी पांडेसऱ्यातल्या एका मराठी शाळेत शिकवते. राहायला कोसाडला. दोन्ही टोकं शहराच्या दोन बाजूंना, मध्ये तापी. पूर्वी मी दोन रिक्षा बदलून जायची. यजमान डाइंगच्या कारखान्यात रंग बनवायच्या खात्यात होते, त्यांनी एक जुनी, पांढरी गाडी घेतली आणि मला ती शिकवली. रविवारी सकाळी मोकळ्या मैदानात ते माझ्या डाव्या बाजूला बसायचे. न ओरडता, हलक्या आवाजात सांगायचे, "डावीकडे बघ. आता आरसा. आता सोड क्लच." मी चाळिशीत शिकले, त्यामुळे घाबरत शिकले.

कागदांचं सगळं तेच बघायचे. लाईटबिल, घरपट्टी, गाडीचा विमा. विम्याचं त्या वर्षीचं नूतनीकरण त्यांनी केलं, पावती फाईलला लावली आणि आठव्या दिवशी कारखान्यात, दुपारच्या चहाच्या वेळी, छातीत कळ येऊन ते गेले. मला शाळेत निरोप आला तेव्हा मी फळ्यावर भागाकार लिहीत होते.

त्यानंतर वर्षभर मी ती गाडी चालवली. त्या वर्षाबद्दल एक गोष्ट मी कितीतरी दिवस कोणाला सांगितली नाही. मी गाडीत त्यांच्याशी बोलायची. घरी नाही, फोटोसमोर नाही, फक्त गाडीत. काचा बंद असायच्या, एसीचा आवाज असायचा. मी डाव्या सीटकडे बघून सांगायची, आज मोठ्या बाईंनी काय म्हटलं, गॅस कधी संपला, मुलीचा पुण्याहून फोन आला का. सिग्नलला बाजूच्या रिक्षातली माणसं बघायची, त्यांना वाटत असेल फोनवर बोलतेय. उत्तर यायचं असं मी म्हणणार नाही. पण वळणावर माझी मान आपोआप डावीकडे जायची, कोणीतरी सांगितल्यासारखी.

त्या सकाळीही मी डावीकडेच बघत होते. रस्त्याकडे नाही, सीटकडे. लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या कारखान्यांची रातपाळी सुटली होती, रस्त्यावर माणसांची गर्दी होती. मी त्यांना सांगत होते की मुलीच्या लग्नाचं बघायला आता कोण जाणार, मला एकटीला हे जमणार नाही. वाक्य पूर्ण झालं नाही. धप्प असा एक आवाज आला. मऊ आवाज होता, गादी टाकल्यासारखा, कारण आधी गाठोड्याला लागलं होतं. मग ती पडली आणि तिच्या मनगटावरून काहीतरी गेलं. चाक होतं की बंपरची कड, ते मला अजून माहीत नाही.

दवाखान्यात तिच्यासोबत मीच गेले. सरकारी दवाखान्यात एक्स-रे झाला, मनगटाची हाडं दोन ठिकाणी मोडली होती. पोलीस जबाब घ्यायला आला तेव्हा मी पडद्याच्या अलीकडे उभी होते आणि मला ऐकू येत होतं.

"गाडी जोरात होती का?" त्याने हिंदीत विचारलं.

"नाही साहेब," ती म्हणाली. "मीच मधे आली. गाठोडं मोठं होतं, मला दिसलं नाही."

मी पडदा बाजूला करून आत जायला हवं होतं. मी गेले नाही.

म्हणून अपघाताचं प्रकरण माझ्यावर आलंच नाही. राहिला तो फक्त विमा. विमा नसताना गाडी चालवली म्हणून गाडी काही दिवस पोलीस ठाण्याच्या आवारात अडकली, दंड झाला आणि परिवहन कार्यालयातून नोटीस आली. तिथल्या साहेबांनी माझं म्हणणं ऐकून घेतलं. "तमे तो टीचर छो ने?" एवढंच विचारलं त्यांनी, वाईट वाटल्यासारखं. लायसन्स तीन महिन्यांसाठी निलंबित. मी खिडकीवर लायसन्स जमा केलं आणि पोच घेतली. बाहेर येताना मला हलकं वाटलं आणि त्या हलकं वाटण्याची शरम वाटली. मला शिक्षा झाली होती ती तारीख विसरल्याची. न बघता गाडी चालवल्याची शिक्षा कोणी केलीच नव्हती.

बिल्डिंगखाली गाडी आच्छादन घालून उभी राहिली. मी पुन्हा रिक्षाने जायला लागले. रिक्षात माणसं दाटीवाटीने बसलेली, तरी डाव्या बाजूला कोणी बसलं की मी अंग चोरायची, त्यांची जागा कोणी घेतली असं वाटून. आणि तो आवाज. वर्गात कोणाचं दप्तर बाकावरून पडलं की तो यायचा. शेजारणीने गच्चीत गादी झटकली की यायचा. एकदा मधल्या सुट्टीत खिचडीच्या तांदळाचं पोतं जमिनीवर टाकलं कोणी, तर माझ्या हातातला डबा सुटला. मुलं हसली. मीही हसले आणि डबा उचलला.

पंधरा-वीस दिवसांनी चौथीच्या वर्गशिक्षिका स्टाफरूममध्ये सहज म्हणाल्या, "ती मागच्या बाकावरची मुलगी येतच नाही हो. तिच्या आईचा हात मोडलाय, कुठल्यातरी गाडीने उडवलं म्हणे."

मी पाण्याचा ग्लास खाली ठेवला. त्यांना माहीत नव्हतं ती गाडी कोणाची. ती बाई आपल्याच शाळेतल्या मुलीची आई आहे हे मलाही त्या क्षणापर्यंत माहीत नव्हतं. दवाखान्यात मी खर्चाचं सगळं पाहिलं होतं, पत्ता घेतला होता, पण त्या पत्त्यावर पुन्हा पाऊल टाकलं नव्हतं. स्वतःला सांगत होते, जखम भरू दे, मग जाऊ.

त्याच दिवशी शाळा सुटल्यावर गेले. गल्लीत दोन्ही बाजूंनी लूमचा खडखडाट, बोललेलं ऐकू येत नाही असा. एका खोलीचं घर. मुलगी दारातच बसली होती. मांडीवर जांभळी साडी, बाजूला खड्यांची ताटली, हातात मेणाच्या टोकाची काडी. काडीने खडा उचलायचा, गोंदाच्या ठिपक्यावर ठेवायचा, दाबायचा. मला बघून ती उभी राहिली. तिच्या बोटांच्या टोकांवर गोंद सुकून पांढरा झाला होता. "नमस्ते बाई," ती म्हणाली, वर्गात म्हणतात त्या सुरात.

आतून आई म्हणाली, "बठा ना म्हॅडम, उभ्या कसाले?"

ती अहिराणीत बोलली. माझी आई असंच बोलायची. मी शिक्षिका झाल्यावर ती बोली तोंडातून हळूहळू काढून टाकली होती. मी खाली बसले. तिचा हात प्लॅस्टरमध्ये होता, बोटं सुजलेली. तिने डाव्या हाताने मला पाणी दिलं.

"तुम्ही पोलिसाला असं का सांगितलं?" मी विचारलं. दुसरं काही बोलायच्या आधी तेच बाहेर पडलं.

तिने दारातल्या मुलीकडे बघितलं. मग म्हणाली, "मी तुमले वळखी लिन्हं व्हतं. शाळावाला मनी पोरनं नाव काढी टाकतात तं?"

तिने मला त्या रस्त्यावरच ओळखलं होतं. मनगट मोडलेलं असताना, दुभाजकाला टेकून ती माझ्याकडे बघत होती ती त्यासाठी. तक्रार केली तर शाळेतून मुलीचं नाव काढतील, एवढा एकच विचार करून ती पोलिसाशी खोटं बोलली होती. मी तिला सांगितलं, असं कोणी कधी करत नाही, तसं करताच येत नाही. ती मान डोलावत राहिली. मोठ्या माणसाचं बोलणं ऐकून घेतात तशी.

दुसऱ्या दिवसापासून मी रोज तिथे जाऊ लागले. मी म्हटलं, मुलगी शाळेत येईल आणि तिच्या वाटचं काम मी करीन. आधी तिला ते खरंच वाटलं नाही. नंतर तिने मला काडी कशी धरायची ते दाखवलं. माझे पहिले खडे सगळे वाकडे लागले, तिने डाव्या हाताने ते खरवडून काढले आणि पुन्हा लावायला लावले. शाळा सुटल्यापासून दिवे लागेपर्यंत मी एक साडी करायची, कधी दीड. मुलगी बाजूला बसून गृहपाठ करायची आणि मान वर करून माझ्या चुका दाखवायची. तिचा बाप लूमवरून आला की दारातच थबकायचा, पुन्हा बाहेर जाऊन बसायचा. तो माझ्याशी शेवटपर्यंत बोलला नाही. बरोबरच होतं ते.

महिनाभराने एका संध्याकाळी मुलगी दुकानात गेली होती. आम्ही दोघीच होतो. मी साडीवरून मान न उचलता तिला सांगितलं की त्या सकाळी मी रस्त्याकडे बघत नव्हते. मी माझ्या गेलेल्या नवऱ्याशी बोलत होते, शेजारच्या रिकाम्या सीटकडे बघून. वर्षभर रोज बोलत होते.

लूमचा खडखडाट चालूच होता. मला वाटलं तिने ऐकलं नाही. मग तिने विचारलं, "आनी आते? आते बी बोलतस का?"

आताही बोलता का, असं. मी म्हटलं, नाही. गाडी बंद आहे.

"हं," ती म्हणाली आणि एक खडा उचलून मला दाखवला. तो मी उलटा लावला होता.

तीन महिने संपले आणि लायसन्स परत मिळालं. पण गाडी बाहेर काढायची तर आधी विमा हवा. फाईलमध्ये एजंटचा नंबर होता. मी फोन केला, गाडीचा नंबर सांगितला. तो खूश झाला.

"अरे, भाभी! किती दिवसांनी! साहेब कसे आहेत?"

ते गेले, असं मी सांगितलं.  मग तो हळूच म्हणाला, "मी तर विमा संपायच्या आधी तीन वेळा फोन केला होता. कोणीतरी उचलून राँग नंबर म्हणायचं. मला वाटलं साहेबांनी नंबर बदलला, दुसरीकडे विमा काढला असेल."

तो घरी आला. आच्छादन काढून त्याने गाडीचे चारही बाजूंनी फोटो घेतले, कारण विमा मध्ये तुटला की गाडीची पाहणी करावी लागते. पुढे डाव्या बाजूला पत्र्याला पोचा होता. तो तिथे वाकला.

"हे कधी झालं?"

मी त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, एवढं सगळं कोणी विचारत नाही भाभी, फॉर्ममध्ये कशाला? मी म्हटलं, लिहा. त्याने लिहिलं. मग मला समजावून सांगू लागला. स्वतःच्या गाडीचं नुकसान हा एक भाग. दुसरा थर्ड पार्टी, कायद्याने सक्तीचा. "म्हणजे एक तुम्ही, एक कंपनी आणि तिसरा, तुमच्या गाडीने ज्याला लागेल तो."

मी त्याला पुन्हा विचारलं, "तिसरा म्हणजे कोण?"

"कोणीही. रस्त्यावरचा कोणीही माणूस."

पण गाडी अजून यजमानांच्या नावावर होती. आधी ती माझ्या नावावर करायची, मग विमा माझ्या नावाचा. मृत्यूचा दाखला, वारसाचं प्रतिज्ञापत्र, सगळं गोळा करून मी त्याच्या टपरीएवढ्या ऑफिसात गेले. त्याने कॉम्प्युटरवर माहिती भरली आणि थांबला.

"भाभी, ओटीपी साहेबांच्या नंबरवर जातोय. रेकॉर्डला तोच आहे."

त्यांचा फोन मी बंद करून कपाटात ठेवला होता. रिचार्ज केलाच नाही, मग नंबर गेला, दुसऱ्या कोणाला मिळाला. एजंट म्हणाला, नंबर बदलायचा अर्जही करता येतो, पण त्याला वेळ लागेल. नाहीतर ज्याच्याकडे नंबर आहे त्यालाच विचारून बघा.

माझ्या फोनमध्ये तो नंबर अजून 'हे' या नावाने होता. वर्ष उलटून गेलं होतं तो दाबून. मी दाबला. पडद्यावर 'हे' उमटलं आणि पलीकडे रिंग वाजू लागली. मला माहीत होतं कोण उचलणार नाही. तरी रिंग वाजत असताना मी पदर सावरून बसले. रिंग वाजून थांबली. पुन्हा लावला.

"कोण बोलो छो?" एका म्हाताऱ्या माणसाचा आवाज. मागे पाण्याची मोटर चालू होती.

मी गुजरातीत सांगायला लागले आणि अर्ध्यावर हिंदीत गेले. हा नंबर आधी माझ्या मिस्टरांचा होता. ते गेले. आता तुमच्या फोनवर सहा आकडे आले असतील. मला वाटलं तो ठेवून देईल, हल्ली अशा फोनवर कोण विश्वास ठेवतं? तो एकदम म्हणाला, "सफेद गाडी?" आणि आमच्या गाडीचे शेवटचे चार आकडे त्याने तोंडपाठ सांगितले.

तो कामरेजकडचा शेतकरी होता. नंबर मिळाल्यापासून त्याच्या फोनवर आमच्याच गाडीचे निरोप येत होते. विमा संपायला तीस दिवस राहिले. पंधरा. सात. आज शेवटचा दिवस. नातवाकडून त्याने ते वाचून घेतले होते. त्याने उलट निरोपही पाठवून पाहिला होता, की हा माणूस मी नाही. पण तिकडे ऐकणारं कोणी नव्हतं. "मने थतुं हतुं," तो म्हणाला, "के कोईने तो कहेवुं जोईए." कोणाला तरी सांगायला हवं असं त्याला वाटत होतं. पण कोणाला, ते त्याला माहीत नव्हतं.

मग तो म्हणाला, "लखो, बेन." आणि त्याने चष्मा लावून एकेक आकडा सावकाश वाचला. मी मोठ्याने म्हटला, एजंटने दाबला. काम झालं.

मी आभार मानून ठेवणार, तेवढ्यात तो म्हणाला, "बेन, एमना फोन हजी आवे छे. हुं शुं कहुं?"

लोकांचे फोन अजून येतात त्यांच्यासाठी. कोणी गावाकडचा, कोणी जुना कामगार. आजवर तो सगळ्यांना राँग नंबर म्हणत आला होता. आता काय सांगू, विचारत होता.

मी म्हटलं, "सांगा, ते आता नाहीत."

"सारुं," तो म्हणाला. "एम ज कहीश." तसंच सांगेन. मोटरचा आवाज थोडा वेळ येत राहिला, मग फोन बंद झाला. एजंटने चहा मागवला. मी तो न पिता उठले.

काही दिवसांनी नवीन विमा हातात आला. माझं नाव, माझा नंबर. मी तो दोनदा वाचला आणि तारीख स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर, फ्रीजवर आणि शाळेच्या डायरीत लिहिली. पहिल्या दिवशी गाडी काढली तेव्हा डावी सीट मी पुढे ओढून तिच्यावर वह्यांचा गठ्ठा ठेवला. कोसाडपासून पांडेसऱ्यापर्यंत तोंडातून शब्द काढला नाही. 

त्या बाईच्या हाताचं प्लॅस्टर मधल्या काळात निघालं होतं, पण बोटं मिटत नव्हती. व्यायामासाठी आठवड्यातून दोनदा दवाखान्यात जायचं होतं. मी म्हटलं, मी नेते. नवऱ्याने नको म्हणून मान हलवली, तिने त्याच्याकडे बघितलंही नाही. गाडीपाशी आली, मागचं दार उघडायला मला सांगायचं सोडून पुढे उभी राहिली. मी सीटवरच्या वह्या उचलून मागे टाकल्या. ती बसली, पाय वर घेतल्यासारखे जवळ घेतले, पट्टा मी लावून दिला.

मी गाडी इतकी हळू चालवली की मागचे हॉर्न वाजवत होते. ती सारखी पुढे रस्त्याकडे बघत होती, माझ्यासाठी बघितल्यासारखी. एक सायकलवाला आडवा आला तर माझ्या आधी तिचा श्वास अडकला. दवाखान्याच्या फाटकात पोचल्यावर आम्ही दोघींनी एकदमच हात मोकळे केले.

व्यायाम चार महिने चालला. डॉक्टरांनी शेवटी सांगितलं, एवढंच होईल, याच्यापुढे नाही. काडी धरून खडा उचलणं तिला आता जमत नाही. ती साड्यांचे सुटलेले दोरे कापते, कात्री डाव्या हातात. मुलगी पाचवीत गेली, रोज येते. मी संध्याकाळी जात नाही आता, कधीतरी सणाला जाते. तिचा बाप अजून बाहेर जाऊन बसतो.

तो मऊ आवाज मला अजून ऐकू येतो, पूर्वीपेक्षा कमी. आला की मी गाडी बाजूला घेते, इंडिकेटर लावते आणि तो जाईपर्यंत थांबते. मागच्या आठवड्यात उधन्याच्या पुलाआधी अशीच थांबले. एका रिक्षावाल्याने काच ठोकून विचारलं, "बेन, गाडी बगडी गई?" मी म्हटलं, नाही, गाडी ठीक आहे. तो काही क्षण माझ्या तोंडाकडे बघत राहिला आणि मग निघून गेला.